बाराव्या थापेला

बाबा,

तुम्ही बर्फ पाहिलात तो फक्त बाजाराच्या दिवशी रसवंतीवाल्याकडचा, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. त्यामुळे ही हकीकत तुम्हाला सांगायची तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. मी बॉथेलला राहते, सिएटलच्या जवळ. इथे हिवाळाभर पावसाची रिपरिप चालू असते, पण गाडीने दीड-दोन तास पूर्वेला गेलं की तोच पाऊस डोंगरांवर बर्फ होऊन पडतो आणि दोन पुरुष उंच साठतो. लोक पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरत खाली येतात. त्यासाठी रीतसर जागा आहेत, तिथे वर न्यायला पाळणे असतात, पहारेकरी असतात, आणि धोक्याचे उतार ते लोक सकाळीच सुरुंग लावून मोकळे करून ठेवतात. पण काहींना तेवढ्याने भागत नाही. ते पट्ट्यांच्या तळाला खरखरीत कापड चिकटवून स्वतःच्या पायांनी डोंगर चढतात आणि जिथे कुणीच नसतं तिथून उतरतात. त्याला बॅककंट्री म्हणतात. तुमची मुलगी बेचाळिसाव्या वर्षी त्यांतली एक झाली. आई असती तर म्हणाली असती, सुखातला जीव दुःखात घालायची हौस आहे कार्टीला.

तुम्ही असतात तर तुम्हाला त्यातली गोम मात्र चटकन कळली असती. बर्फ म्हणजे एक सलग गादी नसते. तुमच्या खाणीच्या छतासारखाच तो थराथरांचा असतो. निरभ्र, कडक थंडीच्या रात्री बर्फाच्या वरच्या अंगाला दव गोठून बारीक पिसं उगवतात, फार सुंदर दिसतात. दोन दिवसांनी नवा बर्फ पडतो आणि ती पिसं खाली झाकली जातात. वरून काही दिसत नाही. सगळा नवा थर त्या पिसांवर टेकलेला असतो, आणि एका माणसाच्या वजनाने पिसं मोडली की पूर्ण उतार एकदम सुटून खाली येतो. म्हणून उतरण्याआधी एक खड्डा खणायचा, बर्फाचा वीतभर-दीड वीत रुंद खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, त्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं आणि थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब तुटतो ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. बर्फातल्या धोक्यांच्या कोर्समध्ये मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. शिकवणारा गोरा मुलगा गोंधळला. मी म्हटलं, माझे वडील आयुष्यभर हेच करत होते, फक्त त्यांचा धोका डोक्यावर असायचा.

तुमची ती लोखंडी टोपणाची काठी मला अजून दिसते. पाळी सुरू व्हायच्या आधी मायनिंग सरदार म्हणून तुम्ही एकटे पुढे जाणार, छताला काठीने ठोकणार आणि ऐकणार. टणक वाजलं तर माणसं आत, पोकळ वाजलं तर माणसं बाहेर. घरी आलात तरी हात थांबायचा नाही. माठ ठोकायचात, कलिंगड ठोकायचात, नव्या क्वार्टरच्या भिंती तर पहिल्याच दिवशी ठोकून झाल्या. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला माझ्या उंचीची एक काठी करून दिलीत. इतर बापांनी बाहुल्या आणल्या असतील. मी पूर्ण घराचं छत ठोकून काढलं आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वरचं प्लास्टर पोकळ वाजतं असं जाहीर केलं. आई भाकरी थापत होती, तिने वरही पाहिलं नाही. तुम्ही मात्र जेवण ठेवून उठलात. स्वतः ठोकून बघाल असं मला वाटलं होतं. तुम्ही नाही ठोकलंत. "तू म्हणते ना पोकळ हाय, मंग पोकळच हाय," एवढं म्हणून शेगडी उचलून व्हरांड्यात नेलीत. चंद्रपूरच्या मे महिन्यात आईने तीन आठवडे व्हरांड्यात स्वयंपाक केला आणि रोज तुम्हाला आणि मला मिळून बोलणी घातली.

आणि तो दुसरा दिवस. मी सहावीत असेन. तुम्ही पूर्ण पाळीची माणसं बाहेर काढलीत आणि मॅनेजरने सगळ्यांसमोर तुमचा पाणउतारा केला, कारण त्याला छत ठीक वाटत होतं. आठ दिवस ते छत जसंच्या तसं उभं राहिलं. कॉलनीच्या नळावर मुली मला म्हणायला लागल्या, तुझे बाबा घाबरले म्हणे. मला इतकी लाज वाटली की मी रात्रीच्या जेवणाला तुमच्यावर डाफरले, पडलं का मग तुमचं छत? तुम्ही भाजीत भाकरी कुस्करत होतात. वर पाहून विचारलंत, "पडलं असतं तर तुले बरं वाटलं असतं का वं?" तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. ते छत पुढे कधी पडलं की नाही, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही.

आता इथल्या दोन माणसांबद्दल सांगते. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणते. दोघं पुण्याचे. अठरा वर्षांपूर्वी मी या देशात उतरले तेव्हा दादा विमानतळावर घ्यायला आले होते, केवळ एका ओळखीच्या ओळखीवर. पहिले दोन महिने मी त्यांच्या तळघरातल्या खोलीत राहिले. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत क्षणभर जो हिशेब चालतो, तो तुम्हाला माहीत आहे. या दोघांच्या डोळ्यांत तो चालला नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी डब्यांची जागा दाखवली आणि म्हणाल्या, हवं ते काढून घे, मला विचारत बसू नकोस. मी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, तेव्हा त्या खाली येऊन शेजारी उभ्या राहिल्या. खरं तर यात विशेष काय आहे, माणसांनी असंच वागायचं असतं. पण मला त्याचं ओझं झालं. या घरात आपल्याकडून कधी कुणाचं मन मोडता कामा नये, असं मी मनाशी धरून बसले. लहानपणी मॅनेजरच्या बायकोने मला टेबलावर शेजारी बसवून जेवायला वाढलं होतं आणि मी नाचत घरी आले होते, तेव्हा तुम्ही रागावला होतात. जेवलीस, चांगलं झालं, पण त्यात एवढं हरखून जायचं काय, असं काहीतरी म्हणाला होतात. मला तेव्हा तुम्ही फार खडूस वाटला होतात.

या जानेवारीत दादांची पन्नाशी झाली. स्कीइंगचा नाद त्यांनीच मला लावलेला, पण खड्डे खणण्याचा आणि मोजमापाचा कंटाळा त्यांना पहिल्यापासून, ते काम त्यांनी माझ्यावर सोपवून टाकलं होतं. तिघं निघालो. ते, मी आणि वहिनींचा भाऊ, जो या वाढदिवसासाठी मिशिगनमधल्या नोव्हायहून खास विमानाने आला होता. सकाळचा अंदाज मी वाचला होता. धोक्याच्या पाच पायऱ्यांतली तिसरी, आणि उत्तरेच्या उतारांवर गाडल्या गेलेल्या पिसांचा स्पष्ट इशारा. गाडीत मी तो वाचून दाखवला. दादा म्हणाले, "अगं, थ्री तर अर्धा सीझन असतो. वर जाऊन बघू ना." दादांचे हे मेहुणे मागच्या सीटवरून म्हणाले, "मला काहीही चालेल हां, तुम्ही एक्स्पर्ट लोक." वहिनींनी डब्यात थालीपीठं दिली होती. चढताना आम्ही गाणी म्हटली. मी खोटं बोलणार नाही, फार मजा आली.

वर पोचल्यावर ते दोघं कडेला डबा उघडून बसले आणि मी थोडं खाली, उताराच्या तोंडाशी खड्डा खणायला गेले. मनगटाच्या दहा थापा झाल्या, काही नाही. कोपरातून अकरावी. बाराव्या थापेला खांबाचा वरचा भाग अख्खाच्या अख्खा सुटला आणि एखादा खण ओढून काढावा तसा माझ्या अंगावर आला. तुटलेली जागा अगदी गुळगुळीत होती आणि तिच्यावर पिसं चमकत होती. शिकाऊ माणसालाही कळेल असा नकार होता तो. मी वहीत लिहिलं. मग वर आले. दादांनी हेल्मेट घातलेलं होतं, चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, "काय मग, ठीक आहे ना?" आणि बाबा, मी म्हटलं, "हो, तसं ठीकच आहे. कडेकडेने जाऊ या." ऑफिसात मी टेस्टिंगचं काम करते. एवढ्याशा खोटीसाठी मी मोठमोठ्या साहेबांची कामं अडवून ठेवते, माझा दरारा आहे तिथे. आणि इथे मला त्यांचा पडलेला चेहरा दिसला, मेहुण्यांचं विमानाचं तिकीट दिसलं, वहिनींची थालीपीठं दिसली, आणि तोंडातून ठीक आहे बाहेर पडलं. वाढदिवस म्हणून पहिलं उतरायचा मान आम्ही दादांना दिला.

चौथ्या वळणाला उतार फुटला. मोठा आवाज होतो असं ऐकलं होतं, मला तर एक खोल श्वास सोडल्यासारखं ऐकू आलं. भेग माझ्या पायापासून दोन हातांवर होती. माझा खड्डा, खांब, फावड्याच्या खुणा, सगळं त्याबरोबर गेलं. मेहुणे किंचाळत होते. मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. प्रत्येकाच्या छातीवर एक यंत्र असतं, ते गाडलेल्याचा पत्ता सांगतं. त्याच्या आकड्यांमागे खाली गेले, काठी खुपसली, ती मऊ लागली, आणि खणायला लागलो. छातीभर खोल होते. चेहरा उघडला तेव्हा ओठ निळे होते, मग त्यांनी खोकला काढला. मांडीचं हाड मोडलं होतं, बरगड्या गेल्या होत्या. मदत येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सॉरी, माझाच हट्ट. सॉरी यार."

त्या दिवसापासून मी हिरो आहे. दादा जो भेटेल त्याला सांगतात, ही होती म्हणून वाचलो. वहिनी रोज त्यांना बोलतात, पन्नाशीत कसला हट्ट तो, आणि ते खाली मान घालून ऐकून घेतात. मी शेजारी बसून चहा पिते. इथे बर्फाचा रोजचा अंदाज देणारं एक केंद्र आहे, अशा अपघाताची माहिती लोक त्यांना देतात म्हणजे बाकीचे सावध होतात. त्यांच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, उतरण्याआधी चाचणी केली होती का. मी लिहिलं, नाही. वहीतलं ते पान अजून आहे, फाडायचं धाडस झालं नाही. पण फॉर्मवर 'नाही' लिहिलेलं आहे. मग महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरीबाईंचा फोन आला. रविवारच्या कार्यक्रमात माझा सत्कार, शाल आणि श्रीफळ. "ताई, फक्त पाच मिनिटं बोला, स्नो सेफ्टीवर. मुलांना इन्स्पिरेशन मिळतं हो." मी नको नको म्हटलं तर त्यांना तो विनय वाटला. या आठवड्यात मंडळातल्या सहा जणांनी बॅककंट्रीसाठी एक ग्रुप काढला आणि मला त्यात घातलं. काल एकाने लिहिलं, ताई बरोबर असल्या की नो टेन्शन. ही माणसं माझ्या शब्दावर एखाद्या उतारावर पाय टाकतील आणि माझ्या शब्दाची किंमत मला एकटीला माहीत होती.

म्हणून आज सकाळी दादांकडे गेले. वहिनी दुकानात गेल्या होत्या. दादा खुर्चीत पाय वर करून बसले होते. मी बूट काढायच्या आधीच बोलून टाकलं. "दादा, मी त्या दिवशी टेस्ट केली होती. बाराव्या थापेला तुटलं. मला कळलं होतं आणि मी ठीक आहे म्हटलं." त्यांनी मान वळवून टीव्हीच्या बंद पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला माहितीये."

"म्हणजे?"

"मी वर उभा होतो ना. तो ब्लॉक सुटून तुझ्यावर आलेला पाहिला मी. तुझा चेहरापण पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मीच सगळ्यांना गोळा करून आणलेलं, हा बिचारा मिशिगनहून आलेला, मी कसा कॅन्सल करणार? तू नको म्हणाली असतीस तर सुटलो असतो गं मी. आणि तू म्हणालीस ठीक आहे. मग मीच कसा म्हणू की नाही?" ते हसायला लागले आणि बरगड्या दुखल्या म्हणून थांबले. "कमाल आहोत यार आपण."

मला काय वाटलं ते सांगते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला पूर्ण श्वास घेता आला. त्यांचं हाड मोडलेलं, आणि मला हलकं वाटत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हिला मात्र नको सांगूस हं. हट्टी म्हणते ते ठीक आहे, त्याची सवय झाली. पण माहीत असून गेलो हे तिला नाही सहन होणार." मी मान हलवली. पुन्हा तेच केलं, बाबा. डोंगर नव्हता, दिवाणखाना होता, मी मात्र तीच.

बाहेर आले तर वहिनी गाडीतून सामान काढत होत्या. सत्काराचा नारळ आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. "दोन आणलेत, एक खराब निघाला तर," म्हणाल्या. पिशव्या खाली ठेवून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "उद्या मी रडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. तू नसतीस तर माझं घर राहिलं नसतं." त्यांचे हात थंड होते आणि पकड घट्ट होती. मी म्हटलं, "वहिनी, उतार धोक्याचा आहे हे मला आधी कळलं होतं. मी खड्डा खणला होता. दादांनाही कळलं होतं. आम्ही दोघंही बोललो नाही."

त्यांनी विचारलं, "का?"

"वाईट वाटेल म्हणून. त्यांना वाटेल म्हणून मी, मला वाटेल म्हणून ते."

त्यांनी हात सोडले. "दोघांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि माझा भाऊ तिथे उभा होता. त्याला तरी सांगायचंत." मेहुण्यांचा विचार त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकदाही केला नव्हता. वहिनींनी पिशव्या उचलल्या, मी पुढे झाले तर म्हणाल्या, राहू दे. गॅरेजचं दार हळूहळू खाली आलं.

घरी येऊन मी आधी केंद्राचा फॉर्म दुरुस्त करून पाठवला. बारा लिहिलं. चाचणी मी केली, निकाल वाईट होता आणि मी तो सोबत्यांना सांगितला नाही, असं लिहिलं. दादांबद्दल त्यात एक अक्षर नाही. ग्रुपवरही तेवढंच लिहिलं आणि सेक्रेटरीबाईंना सत्कार रद्द करायला सांगितलं. त्यांनी तीन प्रश्नचिन्हं पाठवली आहेत. वहिनींचा काही निरोप नाही. दादांचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. हे कागद दादा-वहिनींच्या टपालपेटीत नेऊन टाकावेत असं मघाशी मनात आलं होतं. टाकणार नाही, त्यांनी हे वाचण्यासारखं नाही.

तुम्हाला एवढं सांगते आणि थांबते. फॉर्ममध्ये मी फक्त माझं लिहू शकले. वहिनींनाही फक्त माझंच सांगता आलं असतं. दादांनाही कळलं होतं, हे वाक्य त्यात नसतं तरी माझं खरं पूर्ण होत होतं. ते मी खरं बोलायचं म्हणून बोलले नाही, बाबा. वहिनी हात सोडतील तेव्हा मला तिथे एकटीने उभं राहायचं नव्हतं.